रस्त्याकडेच्या पाट्या आणि आपल्या हातचा नकाशा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आम्ही सध्या काय करतो’ या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सुचवलं होतं, ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल.’ एआयवर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी त्याचं भविष्य पाठवतंच. मी आज बोलणार आहे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पाट्यांवर. लाल काठाचा त्रिकोण आणि आत वाकडा बाण. ‘पुढे तीव्र उतार’. ‘दरडप्रवण क्षेत्र’. ‘पुढे शाळा आहे’. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी या पाट्या नकाशावर नोंदवते. त्याचा पगार मिळत नाही, आणि घरचे म्हणतात की हे वेड आहे. या वेडाचा आपल्या गावाशी काय संबंध आहे, तेवढं सांगते.

भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत, म्हणून त्यांच्याच भाषेत सुरुवात करते. दहावीच्या पेपरात नकाशा भरायचा प्रश्न असायचा. नकाशा भरला आणि सूची द्यायला विसरलं की बाई गुण कापायच्या. ‘रूढ चिन्हे व खुणा’ हा धडा आपल्याला कंटाळवाणा वाटायचा. मंदिराची खूण वेगळी, विहिरीची वेगळी, पक्का रस्ता वेगळा, कच्चा वेगळा. ते नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाचे. १७६७ साली सुरू झालेलं ते खातं आहे. त्या नकाशांवर डोंगराची उंची सापडायची, नदी सापडायची. पण ‘इथे जपून चाला’ असं सांगणारी खूण त्यात शोधायची आपल्याला कधी गरज पडली नाही, कारण एसटीच्या ड्रायव्हरला घाट पाठ होता आणि आपण मागे बसून शेंगा खात होतो.

आता परिस्थिती बदलली आहे. कुंभार्ली घाटातून आज जी वाहनं खाली चिपळूणला उतरतात, त्यातल्या कितीतरी चालकांना हा घाट ठाऊक नसतो. माल परराज्यातून येतो आणि चालकही परराज्यातून येतो. तो रस्ता विचारत नाही, तो मोबाइल बघतो. मोबाइल त्याला सांगतो, सरळ जा. रेषा निळी, सुंदर, कुठेही अडथळा नाही. पाटण सोडलं, कोयनानगर गेलं, हेळवाक गेलं, आणि मग पावसाळ्यातल्या रात्री, धुक्यात, भरलेला ट्रक पोफळीच्या बाजूला उतरायला लागतो. आपल्या वर्गातले जे मालवाहतुकीत आहेत त्यांना मी वेगळं सांगायला नको. असा उतार गिअरमध्ये उतरायचा असतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर उतरलं, तर ब्रेक तापतात आणि खालच्या वळणावर ऐन वेळी धरत नाहीत. उतार किती लांब आहे हे आधी कळलं, तर माणूस वरच सावध होतो. ते सांगायला पाटी असते. पण धुक्यात पाटी दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतर कारवीच्या झुडपात ती निम्मी बुडालेली असते. म्हणून ती पाटी त्याच्या मोबाइलमध्येही असायला हवी.

आता हे काम होतं कुठे, ते सांगते. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. तिथल्या सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे उत्तम होते, पण ते वापरायला पैसे मोजावे लागत. तेव्हा त्याने ठरवलं की लोकांनीच आपापल्या गल्लीबोळाची नोंद करून नकाशा बनवायचा. विकिपीडियात लेख लोक लिहितात, इथे नकाशा लोक काढतात. कुणीही नोंद करावी, कुणीही वापरावा. अटी दोनच. वापरताना श्रेय द्यायचं, आणि त्यात भर घालून माहिती बाहेर दिली तर तीही तशीच खुली ठेवायची. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीविषयीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे आपल्यासारख्यांना हे काम करणं अधिक मोकळं झालं.

आपण वर्गात भिंतीवर टांगायचो तो नकाशा म्हणजे चित्र. हा नकाशा म्हणजे मुळात नोंदवही आहे. त्यात तीन प्रकारच्या गोष्टी असतात. बिंदू, रेषा, आणि बिंदू-रेषांना एकत्र बांधणारे संबंध. प्रत्येकाला आपण चिठ्ठ्या लावतो. चिठ्ठीवर दोन रकाने, डावीकडे गुणधर्माचं नाव आणि उजवीकडे त्याची किंमत. रस्ता ही रेषा, तिच्यावर चिठ्ठी की हा राज्यमार्ग आहे, डांबरी आहे. विहीर हा बिंदू. पाटी हाही बिंदू. चित्र नंतर संगणक काढतो. त्यामुळे एकाच नोंदवहीतून सायकलवाल्याचा नकाशा वेगळा निघतो आणि ट्रकवाल्याचा वेगळा.

पाटी नोंदवणं वरवर सोपं दिसतं. पाटी दिसली, बोट टेकवलं, झालं. प्रत्यक्षात चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे पाटीचा आकार. आपल्याकडच्या चिन्हांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेत आहेत, आणि जगभरच्या चिन्हांत जो सारखेपणा दिसतो त्याच्या मुळाशी १९६८ चा व्हिएन्ना करार आहे. गोल पाटी आज्ञा देते, ती मोडली तर दंड. त्रिकोणी पाटी सावध करते. आयताकृती पाटी माहिती देते. याचा नकाशात फरक पडतो. लाल वर्तुळात ४० लिहिलं असेल तर ती कायदेशीर वेगमर्यादा. पण वळणाच्या त्रिकोणाखाली छोट्या पट्टीवर ‘ताशी २० कि.मी.’ लिहिलं असेल तर तो सल्ला आहे. नकाशात या दोघांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत, ‘मॅक्सस्पीड’ आणि ‘मॅक्सस्पीड ॲडव्हायझरी’. सल्ल्याला मर्यादा म्हणून नोंदवलं, तर गाडी किती वेळात पोचेल याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर अख्खा रस्ता संथ समजतं आणि ट्रकला दुसऱ्याच, कदाचित आणखी अरुंद वाटेने पाठवतं.

दुसरी गोष्ट अशी, की पाटी आणि धोका या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वळणाची पाटी वळणावर नसते, वळणाच्या आधी असते. तिथे ती नसेल तर तिचा उपयोग काय? म्हणून पाटीची नोंद जिथे खांब आहे तिथे, आणि धोक्याची नोंद जिथे धोका आहे तिथे करायची. धोक्यासाठी ‘हॅझर्ड’ नावाची चिठ्ठी आहे. वळण, घसरडा रस्ता, दगड पडण्याची जागा, जनावरं आडवी येण्याची जागा, शाळेचा परिसर, असे तिचे प्रकार. दरडीचा धोका एका ठिपक्यात मावत नाही, तो रस्त्याच्या तुकड्याला असतो. मग रेषेचा तेवढाच तुकडा वेगळा करून त्याला चिठ्ठी लावायची.

तिसरी गोष्ट दिशा. प्रत्येक रेषेला नकाशात दिशा असते. आपला रस्ता कुणी कराडकडून चिपळूणकडे काढला असेल, तर खाली उतरणाऱ्यासाठीची पाटी ‘फॉरवर्ड’ आणि वर चढणाऱ्यासाठीची ‘बॅकवर्ड’. तीव्र उताराची पाटी चढणाऱ्याला ऐकवून काय करणार? तो हसेल, आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करील. खोट्या हाका मारणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. यंत्राचंही तसंच आहे.

चौथी गोष्ट म्हणजे पाटीवरचा मजकूर. इतर देशांत पाट्यांना क्रमांक असतात. जर्मनीत उडी मारणाऱ्या हरणाच्या त्रिकोणाचा क्रमांक १४२, तिथले लोक नुसता क्रमांक नोंदवतात की काम झालं. आपल्याकडे चिन्हांच्या जोडीला हाताने रंगवलेल्या पाट्या भरपूर. ‘अति घाई संकटात नेई’, ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहने नेऊ नयेत’. त्यांचा मजकूर जसाच्या तसा, देवनागरीत नोंदवता येतो. मराठीच्या सरांना एक सांगून ठेवते. पाटीवर ‘सावकास’ लिहिलं असेल तर आम्ही ‘सावकास’च नोंदवतो. सर, लाल पेन खिशातच ठेवा. तिथे काय लिहिलं आहे ते सांगणं एवढंच आमचं काम.

यातली ती फरशी पुलाची पाटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत एसटीच्या गाड्याही गेल्या. तो मोठ्या महामार्गावरचा पूल होता, म्हणून साऱ्या देशाला कळला. आपल्या वाड्या-वस्त्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कितीतरी लहान फरशा आहेत, ज्यांच्यावरून दर पावसाळ्यात पाणी जातं. कडेला पाण्याची उंची दाखवणारे रंगवलेले खांब असतात. गावातला माणूस ते बघून थांबतो. पाहुणा मोबाइल बघत येतो, आणि मोबाइलला तो नुसता रस्ता दिसतो. फरशीची नोंद असेल तर मोबाइलला निदान इतकं कळतं की इथे रस्ता आणि पाणी एकाच पातळीवर आहेत.

प्रत्यक्ष काम कसं करतो तेही सांगते, कारण तुमच्यापैकी काही जण यात येणार आहात असं मी धरून चालले आहे. गाडीत दोघं लागतात. चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. शेजारी बसलेल्याने फोटो काढायचे. मोबाइल काचेमागे लावून ठराविक अंतराने आपोआप फोटो घेणारी ‘मॅपिलरी’सारखी ॲपही आहेत. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये ते सुरू झालं, २०२० मध्ये फेसबुकने विकत घेतलं. त्यात माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट आपोआप पुसट होतात. घरी येऊन फोटो बघत, सावकाश नोंदी करायच्या. चालत फिरणाऱ्यांसाठी ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं ॲप आहे, ते समोरच्या रस्त्याविषयी साधे प्रश्न विचारतं आणि आपण उत्तरं द्यायची. दुसरा नियम असा, की दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून किंवा त्यांच्या रस्त्यांच्या फोटोंवरून काही उतरवायचं नाही. शेजारच्याचं बघून पेपर लिहिल्यासारखं आहे ते. आपण डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं.

घाटात एक अडचण हमखास येते. एका बाजूला उभा कडा असला की उपग्रहाचा संकेत त्याच्यावर आपटून येतो आणि मोबाइल आपली जागा काही मीटर चुकीची दाखवतो. नकाशावर पाटी थेट दरीत लटकलेली दिसते. मग उपग्रहाचं चित्र, रस्त्याची रेषा आणि पुढचे-मागचे फोटो ताडून ती परत कडेला आणावी लागते.

आता या कामाची जी खरी कसोटी आहे, त्याकडे येते. आपल्या वर्गातली एक मैत्रीण आज इथे बसली आहे. तिचं नाव मी घेणार नाही, पण हे सांगायला तिने मला परवानगी दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ रात्री पावसात मोटरसायकलवरून गावी परतत होता. मुख्य रस्ता नव्हे, फाट्यावरून आत जाणारा गावचा रस्ता. उतार संपतो तिथे रस्ता एकदम उलटा वळतो. तो सरळ गेला. त्याला रस्ता नवा नव्हता, पण रात्र होती, पाऊस होता, आणि त्या वळणाआधी कसलीही पाटी नव्हती.

मी पाट्या नोंदवते हे तिला कळलं तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, ‘अगं, तू नकाशावर पाट्या लावतेस ना? मग तिथे एक लाव.’

मी तिला म्हटलं, ‘लावता येणार नाही.’

फोनवर ती गप्प झाली. मला तिला समजावून सांगावं लागलं, आणि आज तुम्हालाही सांगते. या नकाशाचा पाया एकच आहे. जमिनीवर जे आहे तेच लिहायचं, आणि उद्या दुसरा माणूस तिथे गेला तर त्यालाही तेच सापडलं पाहिजे. धोक्याची चिठ्ठी लावायला तिथे फलक तरी हवा, किंवा सरकारने ती जागा धोक्याची म्हणून जाहीर तरी केलेली हवी. मला वाटतं म्हणून धोका, असं चालत नाही. कारण मग प्रत्येकाला आपल्या दारासमोरचा रस्ता धोक्याचा वाटेल, कुणी खड्ड्यांची नोंद करील, आणि खड्डा महिन्याने बुजला तरी नोंद तशीच राहील. नकाशा इशाऱ्यांनी भरून जाईल आणि त्यांच्यावर कुणाचाच विश्वास राहणार नाही. आज पडलेली दरडही आम्ही नोंदवत नाही. लोक नकाशा उतरवून घेऊन महिनोन् महिने वापरतात. आजची दरड चार दिवसांत निघेल, आणि दिवाळीला येणाऱ्याला नकाशा उगाच सांगेल की रस्ता बंद.

हे नियम मला पटतात. पण तिला ‘नियम आहे’ एवढंच सांगून फोन ठेवणं मला जमलं नाही. म्हणून आम्ही दोघी त्या जागी गेलो.

तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नकाशावर त्या रस्त्याची रेषा होती, पण फार पूर्वी कुणीतरी अस्पष्ट उपग्रहचित्रावरून काढलेली. झाडांच्या सावलीत वळण नीट दिसलं नसावं, म्हणून काढणाऱ्याने तिथे नुसती सौम्य कमान दिली होती. प्रत्यक्षात ते वळण केसांच्या आकड्यासारखं. त्या कमानीकडे बघून कुठल्याही सॉफ्टवेअरला वाटलं असतं की इथे वेग कमी करायची गरज नाही. आम्ही ते वळण दोनदा चालून मोजलं आणि रेषा खरी केली. पाटी खोटी लावता येत नाही, पण वळण खरं दाखवता येतं. ते आमच्या अधिकारातलं होतं.

मग आम्ही अर्ज लिहिला. जागेचे अक्षांश-रेखांश, दोन्ही दिशांचे फोटो, रात्रीचा एक फोटो आणि नकाशा. संबंधित कार्यालयात दिला. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जाला आम्ही ग्रामपंचायतीचा ठराव जोडला. त्यासाठी आपल्याच वर्गातला एक जण, जो आज सरपंच आहे, तो धावला. पावसाळा संपल्यावर पाटी लागली. लाल काठाचा त्रिकोण, आत वळणाचा बाण. मैत्रिणीने मला फोटो पाठवला, आणि त्याच रात्री मी नोंद केली. पाटीचा बिंदू, वळणाची धोक्याची चिठ्ठी, आणि दिशा, उतरणाऱ्यासाठी.

पाटी एकाच बाजूने लागली आहे. दुसऱ्या बाजूने अजून नाही. म्हणून नकाशातही ती एकाच बाजूने आहे. तिसरा अर्ज तयार आहे.

या नोंदींचा उपयोग काय, असं कुणी विचारील. ‘ऑसमँड’सारखी ॲप हा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवतात. घाटात रेंज नसली तरी ती चालतात. गतिरोधक, वेगमर्यादा, धोक्याची जागा जवळ आली की बोलून सांगतात. सगळी ॲप सगळ्या चिठ्ठ्या वाचतात असं नाही, हेही खरं. पण जी चिठ्ठी लिहिलीच नाही ती कुणालाच वाचता येत नाही. आणि दुसरा उपयोग त्या मैत्रिणीने दाखवून दिला. कुठे पाटी आहे हे नकाशावर आलं, की कुठे नाही हे आपोआप दिसायला लागतं. मागणी करायला हातात कागद असतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. जे गावात आहेत त्यांनी आपापल्या वाडीच्या रस्त्यावरच्या फरशा आणि वळणं पाहून ठेवावीत. जे पुण्या-मुंबईला आहेत त्यांनी गावी येताना शेजारच्या सीटवर बसून फोटो काढावेत. परदेशात असलेल्यांनी रात्री जागून आमच्या नोंदी तपासाव्यात, तुमची रात्र आमची सकाळ असते. गावांची आणि वाड्यांची नावं मराठीत नीट लिहायला मात्र बाई आणि सर लागतील, ते काम तुमच्याशिवाय होणार नाही.

आणि शाळेविषयी एक. आपल्या शाळेसमोरच्या रस्त्यावर ‘पुढे शाळा आहे’ ही पाटी वरच्या बाजूने आहे. काल येताना मी बघितली, रंग उडालेला आहे, पण वाचता येते. खालच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांसाठी पाटीच नाही, आणि त्याच बाजूने मुलं सायकलवर येतात. आज जेवण झाल्यावर तीन वाजता मी फाटकापाशी उभी आहे. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, मुख्याध्यापकांनी सही करायचं कबूल केलं आहे. ज्यांना माजी विद्यार्थी म्हणून सही करायची आहे त्यांनी यावं. पेन मी आणलं आहे.